कातडीचा कर्करोग : ऊन, लुगड्याची गाठ आणि तळपाय

आपल्या घाटनांदूरच्या परिसरात वैशाखात भर दुपारी रस्त्यावर उभे राहिले, की सावली पायाखाली गोळा होते. मे महिन्याच्या मध्यावर एक-दोन दिवस तर ती जवळजवळ नाहीशीच होते, कारण त्या वेळी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावरून जातो. जुलैअखेर तो पुन्हा एकदा तसाच येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा उन्हात आपली माणसे शेताची मशागत करतात, वीटभट्टीवर विटा थापतात, रस्त्यावर खडी आणि डांबर टाकतात. वर्तमानपत्रात तर छापून येते, की उन्हामुळे कातडीचा कर्करोग होतो. मग साहजिकच प्रश्न पडतो, की तसे असेल तर आपल्याकडे घरटी एक रुग्ण का नाही?

याचे उत्तर आपल्या कातडीच्या रंगात आहे. कातडीच्या वरच्या थरात मेलॅनिन नावाचे काळसर द्रव्य तयार होते. उन्हातील अतिनील किरण पेशीच्या आत शिरून तिच्या केंद्रातील डीएनए बिघडवतात. हा बिघाड वर्षानुवर्षे साचत गेला, की एखादी पेशी बेताल वाढू लागते आणि तोच कर्करोग. मेलॅनिनचे कण पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखे बसतात आणि ते किरण शोषून घेतात. म्हणजे ज्या काळ्या रंगावरून आपल्या मुलींना स्थळे नाकारली जातात, तोच रंग त्यांची राखण करीत असतो. भारतातील एकूण कर्करोगांत कातडीच्या कर्करोगाचा वाटा शेकडा एक-दोनच्या आसपासच आहे, तो याच कारणाने.

ऑस्ट्रेलियात याच्या उलट स्थिती आहे. मूळचे थंड, ढगाळ इंग्लंड-आयर्लंडचे गोरे लोक तिथल्या कडक उन्हात जाऊन राहिले. परिणाम असा, की तिथे दर तीन माणसांपैकी किमान दोघांना वयाच्या सत्तरीपर्यंत कातडीचा कोणता ना कोणता कर्करोग होतो. म्हणून १९८१ साली तिथे मोठी मोहीम निघाली : शर्ट घाला, मलम लावा, टोपी चढवा. तिथल्या पुष्कळ प्राथमिक शाळांत आजही नियम आहे, की टोपी नसेल तर मैदानावर खेळायला जायचे नाही. नोकरीनिमित्त मेलबर्न-सिडनीला गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांनाही तो पाळावा लागतो.

हा उपदेश त्यांच्या ठिकाणी योग्यच आहे. परंतु तो जसाच्या तसा उचलून आपल्या माणसांपुढे ठेवला, तर एक घोटाळा होतो. आपण फक्त तोंड आणि हात पाहत बसतो, आणि रोग कपड्याच्या आत किंवा पायाच्या तळव्याला वाढत राहतो. आपल्याकडे नाकावर, गालावर उन्हामुळे होणारा कर्करोग होतो, नाही असे नाही. पण त्याखेरीज जो होतो त्याचे फार मोठे कारण ऊन नसून जुनी जखम, जुना भाजल्याचा वण आणि सततचे घर्षण हे असते. त्याबद्दल आपल्या पानांतून क्वचितच लिहिले जाते, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो.

कंबरेची गाठ

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची स्थापना १९४१ सालची. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतातील रोगनिदानशास्त्राचे जनक मानले जातात. त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांच्या नित्याच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध हा त्याचा विषय. त्यात कंबरेच्या कातडीवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन होते. ज्यांना तो झाला, ते आयुष्यभर कंबरेला घट्ट धोतर बांधणारे होते. डॉक्टरी पुस्तकांत त्याचे नावच 'धोती कॅन्सर' असे पडले. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांतही तोच रोग दिसला, तेव्हा 'साडी कॅन्सर' हा शब्द आला.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी समजू नये. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांची. तिच्या उजव्या कुशीवर दीड वर्ष जखम होती आणि ती भरून येत नव्हती. दुसरी साठीच्या शेवटास आलेली. ती चाळीस वर्षे रोज लुगडे नेसत होती, आत परकर नाही, कंबरेला घट्ट आवळून. तिची जखम दोन वर्षांची होती आणि रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. दोघींच्या जखमेतील तुकडा तपासल्यावर कर्करोग निघाला.

आपल्या भाषेत कामाला लागणे याला कंबर कसणे म्हणतात. आपल्या बायकांच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. पहाटे फडात उतरायचे, उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढायचे, अशा कामात नेसण सुटू नये म्हणून बाई ते जास्तीत जास्त आवळते. त्यात घाम, उसाचे कूस, धूळ. नाडीच्या जागी आधी काळा पट्टा पडतो, कातडी जाड आणि खरखरीत होते, खाज सुटते, कोंडा निघतो. बहुतेकींचे इथेच थांबते. थोड्या जणींच्या बाबतीत त्या जागी चीर पडते, ती भरते, पुन्हा फुटते, आणि वीस-तीस वर्षांनी त्यातली एखादी फुटलेली जागा भरतच नाही.

उपाय एका पैशाचाही नाही. परकराची नाडी बारीक दोरीसारखी नको, रुंद पट्टीची करावी. ती रोज त्याच रेघेवर न बांधता बोटभर वर-खाली बांधावी. लुगडे नेसणाऱ्या आजीबाईंनी आत सैल परकर किंवा मऊ सुती कापड घ्यावे. रात्री झोपताना गाठ सैल करावी आणि ती जागा धुऊन, कोरडी करून खोबरेल लावावे. पुरुषांनी हसू नये. करदोटा आणि पट्टा आवळून बांधणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

शासकीय योजनांचे अर्ज भरून देण्याच्या निमित्ताने माझ्याकडे बायाबापड्या येतात. त्यांतल्या एका आजीने, बसताना सारखा कंबरेला हात लावते म्हणून विचारले तेव्हा, सांगितले की दीड वर्षापासून तिथे चिघळते आहे. दवाखान्यात का गेली नाही, तर म्हणाली, "लुगड्याखालचं हाय बाबा, दावू कुणाला? डागदर गडीमाणूस." सुनेला बरोबर देऊन तिला पाठवले. तुकडा तपासला. कर्करोग नव्हता; घासून झालेली जखम होती आणि तीत नायटा भरला होता. मलम आणि सैल नाडी, एवढ्यावर महिन्याभरात ती बरी झाली. बहुतेक जखमा अशाच निघतात. परंतु दीड वर्ष ती बाई कोणालाच न सांगता ते दुखणे अंगावर काढत होती, आणि हे फक्त तिचेच नाही. म्हणून घरातल्या सुना-लेकींनी आजीला आंघोळ घालताना कंबर, पाठ, छातीखालची घडी एवढे पाहून घ्यावे, असे मला वाटते. महिला डॉक्टरकडे जायचे आहे असे सांगण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे, आणि तपासणीच्या वेळी घरची बाई जवळ थांबू शकते.

भाजल्याचे वण आणि तळपाय

१८२८ साली मार्जोलिन नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने जुन्या वणांवर होणाऱ्या व्रणांचे वर्णन केले. अशा वणावर जो कर्करोग होतो त्याला आजही त्याचेच नाव आहे. तो मुख्यतः भाजल्याच्या वणात होतो, आणि बहुधा भाजल्यानंतर वीस-तीस वर्षांनी. आपल्या वस्त्यांतून भाजलेली माणसे किती आहेत हे वेगळे सांगायला नको. चूल, रॉकेलचा स्टोव्ह, उकळते पाणी, लहानपणी आजारी पडले म्हणून दिलेले डाग. यांतला जो वण सांध्यावर असतो, म्हणजे गुडघ्यामागे, कोपरात, घोट्यावर, तो चालताना-वाकताना ताणला जाऊन वारंवार फुटतो. असा फुटणारा वण असेल तर त्याला तेल लावून मऊ ठेवावे, आणि महिना-दीड महिना होऊनही भरत नसेल तर सर्जनला दाखवावे. काश्मिरात लोक थंडीत अंगरख्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचे मडके, धरून बसतात. तिच्या रोजच्या शेकाने मांड्यांना आणि पोटाला कर्करोग होतो. कारण भाजणे हेच, फक्त ते थोडे थोडे रोजचे.

तळपायाचे प्रकरण याहून गंभीर आहे. कातडीच्या कर्करोगांपैकी सर्वांत घातक प्रकार मेलॅनोमा. गोऱ्या माणसाला तो पाठीवर, पोटरीवर, उन्हाच्या जागी होतो. काळ्या-सावळ्या माणसाला होतो तेव्हा तो बहुधा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, जिथे ऊन पोचतच नाही. जगप्रसिद्ध कृष्णवर्णीय गायक बॉब मार्ले याला १९७७ साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा निघाला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा समजली गेली होती. ११ मे १९८१ रोजी तो वारला, तेव्हा त्याचे वय ३६ होते.

आता आपल्याकडे पाहा. तळपायाला काळा डाग दिसला तर काटा मोडला असेल म्हणतात. जाडसर झाला तर कुरूप म्हणून ब्लेडने कापतात. भेग पडली तर बिब्बा तापवून त्याचे तेल घालतात, ते कातडी जाळते आणि नवीच जखम करते. मधुमेही माणसाच्या आणि पूर्वी कुष्ठरोग होऊन गेलेल्या माणसाच्या पायाला तर संवेदनाच नसते. त्याच्या तळव्याची जखम वर्षानुवर्षे राहते आणि काही जणांत पुढे कर्करोगाकडे वळते. दर महिन्याला एकदा दिव्याच्या उजेडात घरातल्या मोठ्या माणसांचे तळवे मुलांनी पाहावेत. आपल्याला आपला तळवा नीट दिसत नाही, मुलांची नजर तीक्ष्ण असते.

काय पाहायचे? काळा डाग वाढतो आहे का, त्याची कड वेडीवाकडी आहे का, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत का, त्यातून रक्त येते का. नखात उभी काळी रेघ बऱ्याच सावळ्या माणसांना जन्मभर असते, तिची भीती नको. पण ती एकाच नखात नव्याने आली, रुंद होत चालली, किंवा तिचा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला तर थांबू नये. अंगावर कोठेही असो, जी जखम चार ते सहा आठवड्यांत भरत नाही, जिच्या कडा उचललेल्या आणि कडक आहेत, जी हात लागताच रक्ताळते, ती दाखवलीच पाहिजे. नाकावर किंवा डोळ्याजवळ तुकतुकीत काळसर पुळी येऊन तिच्या मधोमध खळगा पडत असेल, तर तीही तीळ म्हणून सोडू नये.

मग उन्हाचे काय?

वरील सर्व वाचून ऊन निरुपद्रवी आहे असा अर्थ कोणी काढू नये. उन्हाने कातडी लवकर सुरकुतते, चेहऱ्यावर वांग उठतात, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर धरतो. उष्माघाताने दरवर्षी माणसे दगावतात. आणि चेहऱ्यावरचा कर्करोग सावळ्या माणसालाही होतोच, विशेषतः जन्मभर उघड्यावर राबलेल्याला.

ऊन किती कडक आहे हे ओळखायला मोबाईल नको. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तर अतिनील किरण जोरात आहेत असे समजावे. आपल्याकडे डिसेंबरातसुद्धा भर दुपारी सावली उंचीपेक्षा किंचित लहानच असते. थंडीत हवा गार लागते म्हणून आपण फसतो. उष्णता आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळ ढगांतूनही ते किरण येतात.

सनस्क्रीन मलमाबद्दल बायका विचारतात. मलम चांगले आहे, लबाडी नाही. त्यावर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असावे. ३० चे मलम उन्हातील जळवणारे किरण शेकडा सुमारे ९७ अडवते, ५० चे ९८. म्हणजे ३० वरून ५० वर गेल्याने जाहिरातीत दिसतो तेवढा फरक पडत नाही. परंतु मी पडलो हिशेबाचा माणूस, म्हणून हिशेब मांडतो. नीट लावायचे तर चेहरा-मानेला चहाचा एक चमचा आणि प्रत्येक हाताला एकेक, असे एका वेळी तीन चमचे, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर लागते. दर दोन तासांनी पुन्हा लावायचे. आठ तासांच्या कामाला चार वेळा, म्हणजे ६० मिलिलिटर. ५० ची नळी रोजगाऱ्या बाईला एक दिवसही पुरणार नाही, आणि तिच्या किमतीत त्या दिवसाची बरीचशी मजुरी जाईल. ऑफिसात बसणाऱ्याने लावावे. शेतात राबणाऱ्याने कापडावर भिस्त ठेवावी.

आणि कापडाची युक्ती आपल्या बायकांना कोणी शिकवावी लागलेली नाही. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडके बांधून त्याचे टोक मानेवर सोडलेले, हा खुरपायला निघालेल्या बाईचा पोशाख शास्त्राला तंतोतंत धरून आहे. त्याला गबाळे म्हणणाऱ्यांनी आधी ऑस्ट्रेलियातले उपदेशाचे फलक वाचावेत. एक गोष्ट मात्र कमी माहीत असते. पातळ पांढरे सुती कापड गार वाटते, पण त्यातून अतिनील किरण बऱ्यापैकी आत येतात, घामाने भिजले तर आणखी. दाट विणीचे, गडद रंगाचे कापड त्यांना जास्त अडवते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत लहान मुले पांढरे पातळ कपडे घालून उघड्या डोक्याने तासन्‌तास चालतात. त्यांच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी द्यावी, पाणी बरोबर असावे, आणि निघायची वेळ आयोजकांनी संध्याकाळची ठेवावी. कोवळ्या सकाळच्या उन्हाला मात्र घाबरू नये. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व मात्र त्यातून फार थोडे मिळते, ते मुख्यतः दिवस वर आल्यावरच्या उन्हातून मिळते आणि सावळ्या कातडीला ते मिळवायला जरा अधिक वेळ लागतो.

मजुरांच्या बाबतीत निव्वळ उपदेश पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची तरतूद लिहिलेली होती. किती कामांवर ती सावली प्रत्यक्षात दिसली, हे ज्यांनी खडी फोडली त्यांना विचारा. मुकादमाशी बोलून सकाळी सहा ते अकरा आणि चारनंतर अशी कामाची वाटणी करून घेणे, हा उन्हावरचा सर्वांत मोठा उपाय आहे.

ज्यांना रंगाचे संरक्षणच नाही

काही मुले जन्मतःच पांढऱ्या केसांची, गुलाबी कातडीची, उजेडात डोळे मिटणारी असतात. त्यांच्या शरीरात मेलॅनिन तयारच होत नाही किंवा फार थोडे होते. लोक त्यांना 'इंग्रज' म्हणून चिडवतात, देवाचा कोप म्हणतात. हा कोप नाही, आईबापांकडून आलेला जन्मदोष आहे. या मुलांना आपल्या उन्हात कातडीचा कर्करोग तरुणपणीच होऊ शकतो. त्यांच्यासाठी पूर्ण बाह्या, टोपी, गडद चष्मा आणि मलम ही चैन नाही, औषध आहे. शाळेत त्यांना खिडकीपासून दूर आणि फळ्याजवळ बसवावे, कारण त्यांची नजर अधू असते. उन्हात उभे करण्याची शिक्षा कोणत्याच मुलाला देऊ नये, यांना तर कदापि नाही.

दुसरा एक दुर्मीळ रोग आहे. त्यात मूल थोड्याशा उन्हाने भाजते, दोन-तीन वर्षांचे होईतो चेहऱ्यावर तिळांचा सडा पडतो आणि दहा वर्षांच्या आत कर्करोग होऊ शकतो. उन्हाने बिघडलेला डीएनए दुरुस्त करण्याची शक्तीच त्या मुलात नसते. झीरोडर्मा पिगमेंटोसम असे त्याचे अवघड नाव आहे. हे दोन्ही दोष आई आणि बाप दोघांकडून एकाच वेळी आले तरच मुलात उतरतात, आणि नात्यात लग्न झाले असेल तर तसे होण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची आपल्या मराठवाड्यातली रीत या दृष्टीने तपासून पाहायला हवी. एकाच घराण्यात अशी दोन मुले झाली असतील, तर पुढची सोयरीक त्याच नात्यात जुळवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कोड आलेल्यांनी मात्र फार भिऊ नये. पांढऱ्या डागांवर ऊन लवकर भाजते म्हणून ती जागा झाकावी, एवढेच.

गोरे करणाऱ्या क्रीमविषयी दोन शब्द. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम १९७५ साली बाजारात आले आणि त्याच्या नावातला 'फेअर' शब्द कंपनीने २०२० साली काढला. नाव बदलले, हौस बदलली नाही. त्याहून वाईट आहेत त्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मागून घेतलेल्या स्टिरॉइडच्या नळ्या. महिनाभर चेहरा उजळतो, मग कातडी कागदासारखी पातळ होते, शिरा दिसतात, पुरळ उठते, आणि ऊन सहन होईनासे होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीवरच विकावीत असा नियम केला. दुकानदार विचारत नसेल तर आपणच मागू नये.

दाखवायचे कोठे?

घाटनांदूरहून एस.टी.ने अंबाजोगाईला जावे. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग आणि शल्यचिकित्सा हे दोन्ही विभाग आहेत. जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा बधिर करून काढतात आणि तपासतात. शस्त्र लागले की कर्करोग पसरतो, हा समज आपल्याकडे खोलवर आहे आणि तो खोटा आहे. उलट, लवकर आणि भोवतालच्या चांगल्या कातडीसह कापून काढला, तर कातडीचा कर्करोग बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. पुढचे उपचार लागलेच तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भागातील कर्करोगांची गाववार नोंद ठेवण्याचे भारतातील पहिले काम १९८७ साली याच बार्शीत सुरू झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचार बसतात. राज्यातील सर्व कुटुंबांना तिचा लाभ द्यावा आणि मर्यादा ५ लाख रुपयांची करावी, असा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. रेशनकार्ड आणि आधारकार्ड, दोन्हींवरील नाव सारखे आहे ना, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे. त्या एका अक्षराच्या फरकापायी माणसे दारातून परत आलेली मी पाहिली आहेत. तुकडा तपासल्याचा अहवाल मिळाला की त्याच्या दोन झेरॉक्स काढून मूळ कागद घरी पत्र्याच्या पेटीत ठेवावा. पुढच्या प्रत्येक दवाखान्यात सर्वांत आधी तोच मागतात.